तारहेलियाच्या वेलीवरचा सुईवाला

तारहेलिया सिंबान्या ही आईच्या दिवसांसाठी म्हणून गावी आली आणि राहिली ती राहिलीच. राजधानीत, कितोमधल्या शिवणाच्या कारखान्यात तिच्या यंत्राखाली कुणाच्या तरी कोटाची बाही अर्धी शिवून तशीच पडली होती. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, पाहुणे उठून गेले, धाकटी बहीण नोर्मा ग्वायाकिलला नवऱ्याकडे परतली. घरात उरले वडील आणि त्यांची खुर्ची.

वडिलांचं नाव रोसेंदो. गाव त्यांना ताइता रोसेंदो म्हणायचं, मोठ्या माणसाला आमच्याकडे म्हणतात तसं, आणि मुलीही ताइताच म्हणायच्या. त्यांचं सगळं आयुष्य खेचरांवर बटाट्याची पोती लादून घाट चढण्या-उतरण्यात गेलं होतं. आता कंबर धरली होती. ते खिडकीशी बसायचे, वळणावरून जाणाऱ्या रस्त्याकडे बघायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवायचे.

"कधी जायचंय तुला?" ते रोज सकाळी विचारायचे.

"जाईन. तुम्हाला जरा बरं वाटू दे."

"मला काही बरं वाटणार नाही. तू तुझं बघ."

असं म्हणायचे आणि बार्लीच्या पेजेचा रिकामा वाडगा तिच्यापुढे करायचे. तारहेलिया तो भरून द्यायची. अशी वर्षं गेली.

जाण्यासारखं तिकडे फारसं काही राहिलंही नव्हतं. कारखान्यात एफ्राइन नावाचा कापड कापणारा होता, त्याच्याशी तिचं ठरलं होतं. तो पैसे मिळवायला स्पेनला गेला. आधी दर रविवारी फोन करायचा, मग सणासुदीला. मग एक दिवस त्याच्या बहिणीकडून कळलं की त्याला तिकडे मुलगी झाली. तारहेलियाने कुणाला काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात तिने घरातले सगळे पडदे उसवले आणि पुन्हा शिवले. ताइतांनी विचारलं, "पडद्यांनी काय घोडं मारलं तुझं?" ती म्हणाली, "शिवण वाकडी होती." ताइतांनी पुढे विचारलं नाही. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, पण काही ठिकाणी ती आपली आपण थांबायची.

घाट चढून आलेल्या बसगाड्या वळणावर दम खायला थांबत. तारहेलियाने तिथे एक टेबल मांडलं. उकडलेली कणसं, ताजं चीज, आणि मोठ्या पातेल्यात गरम मोरोचो, म्हणजे फोडलेल्या मक्याची दालचिनी घातलेली दुधातली खीर. थंडीने आखडलेले प्रवासी पेला दोन्ही हातांत धरूनच अर्धे बरे होत.

मागच्या कुंपणावरची तासोची वेल मात्र कुणी लावली नव्हती. रानटी तासो होती ती. उगवली आणि पसरली. गुलाबी फुलं यायची, प्रत्येकाला वीतभर लांब नळी, खाली माना टाकून लोंबायची. बागेतल्या तासोला पिवळी, बोटभर, आंबटगोड गराची फळं लागतात, रस काढला की पोट थंड. या वेलीला नुसती फुलं. दोन बहर आले आणि गळून गेले, फळ म्हणून धरलं नाही.

"कापून टाक," खालच्या दुकानातली लुस्मिला म्हणाली. लुस्मिला तिची लहानपणापासूनची मैत्रीण. दुकानात मीठ-साखर विकायची आणि बातम्या फुकट द्यायची. "नुसती मिरवते ती. फळ ना बीळ."

"राहू दे. संडास तरी झाकला जातो तिने."

मग तिसऱ्या बहराला तो आला.

तारहेलिया धुणं वाळत घालत होती. वेलीच्या टोकाला एक हिरवा पक्षी बसला होता, मुठीत मावेल एवढा, आणि तोंडात त्याच्याएवढीच लांब काडी. घरटं बांधत असेल, असं तिला वाटलं. पक्षी उडाला, एका फुलाखाली हवेत उभा राहिला, आणि ती काडी त्याने फुलाच्या नळीत खालून वर सरकवली, पार मुळापर्यंत, त्याचं तोंड पाकळ्यांना टेकेपर्यंत. मग बाहेर काढली. काडी तशीच होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की ती चोच आहे.

किंदे आमच्याकडे ढीगभर. फुलांवर भिरभिरणारे ते इवले पक्षी कुणाला नवे नाहीत. पण या चोचीचा किंदे तिने आजवर पाहिला नव्हता. तिने ताइतांना धरून मागच्या दारात आणलं.

ताइता बराच वेळ बघत राहिले. पक्षी फांदीवर बसला की चोच तिरकी आभाळाकडे धरायचा, वजन पेलत नसल्यासारखी. अंग खाजवायचं तर चोच अंगापर्यंत वळेना, म्हणून पायाने मान खाजवायचा.

"हा तुझ्या धंद्यातला दिसतोय," ताइता म्हणाले. "एवढी मोठी सुई घेऊन आलाय. विचार, कोट शिवणार का."

त्या दिवसापासून तो सुईवाला झाला. रोज उजाडताना यायचा, एकेका फुलाशी जायचा, कपाळाला पिवळी धूळ लावून पुढच्या फुलाशी. उडताना शेजारच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवावं तशी घरघर व्हायची. आणि त्या बहरात वेलीला फळं धरली. आधी चार-दोन, मग कुंपण वाकेल इतकी. दुसऱ्या कुठल्या किंदेची चोच त्या नळीत पोचतच नव्हती, वेलीचं काम याच्यावाचून अडलं होतं. तारहेलियाने टेबलावर तासोच्या रसाची घागर मांडली. लुस्मिला पहिला पेला पिऊन म्हणाली, "मी तुला कधी कापायला सांगितलं? मी असं म्हणणारच नाही."

*

अमाब्ले तिपान दूध गोळा करायचा. खालच्या गावातला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, मुलगा परगावी. पहाटेच त्याची गाडी घाटातल्या घरोघर थांबत वर यायची. लोक दारात दुधाचे कॅन काढून ठेवत, तो मापून ओतून घेई आणि सगळं दूध चीजच्या कारखान्यात पोचतं करी. मोठ्या हाडापेराचा माणूस, पण बोलायची वेळ आली की टोपीच्या कडेशी चाळा करत बसायचा.

एकदा गाडीचं पाणी तापलं म्हणून तो वळणावर थांबला. मोरोचो प्यायला. दुसऱ्या दिवशी पाणी तापलं नव्हतं, तरी थांबला. मग रोजच थांबायला लागला. पेला घेऊन टेबलाकडे पाठ करून बसायचा आणि वेलीकडे बघायचा.

"आला होता का आज, शेजारीणबाई?"

"आला होता. त्या कडेच्या फुलापासून सुरुवात केली."

"काल मधल्यापासून केली होती."

"हो ना."

संपलं. एवढं बोलून तो पेला धुऊन ठेवायचा, पैसे द्यायचा आणि जायचा. कितीतरी महिने त्या दोघांनी सुईवाल्याखेरीज दुसरं काही बोलल्याचं कुणी ऐकलं नाही.

ताइतांना मात्र खिडकीतून सगळं दिसत होतं.

"शेजारीण कसली? राहतो खालच्या गावात," ते मुलीला म्हणत. "आणि मला एक सांग. ही दुधाची गाडी ना?"

"हो."

"रोज आपल्या दारात थांबते ना?"

"थांबते."

"आपल्याकडे गायी किती?"

तारहेलिया पातेलं ढवळत राहायची, आणि ढवळून झालेलं पातेलं पुन्हा ढवळायची.

कधी कधी अमाब्ले आत येऊन ताइतांपाशी बसायचा. ताइता त्याला खेचरांच्या गोष्टी सांगत. घरच्यांनी त्या इतक्यांदा ऐकल्या होत्या की तारहेलिया खेचरांची नावं झोपेतही सांगू शकली असती. अमाब्ले त्या मन लावून ऐकायचा. "मग ते दरीत गेलं का?" असं योग्य जागी विचारायचा. तो गेल्यावर ताइता म्हणायचे, "ठोंब्या आहे. पण ऐकतो."

*

त्या वर्षी बटाटे फुलावर असताना रात्रभर गारा पडल्या आणि पहाटे दहिवर गोठलं. तारहेलियाने मागचं दार उघडलं तर अंगण पांढरं. वेल झोपली होती. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, फुलं चिखलात.

खालच्या एका तुटक्या फांदीला सुईवाला उलटा लोंबत होता. पायांनी फांदी धरलेली, डोळे मिटलेले, पिसं फुगलेली. तिने हात लावला तर गारगोटीसारखा थंड.

"मेला," ताइता आतून म्हणाले. "कुत्र्याला देऊ नकोस, काटा अडकेल त्याच्या घशात."

तारहेलियाने एक-एक नखी हलक्या हाताने फांदीपासून सोडवली. हातात वजनच लागेना. ओंजळीत धरून तोंडाची वाफ दिली, काही झालं नाही. मग तिने झग्याचं वरचं बटण काढलं, पक्षी छातीशी धरला आणि वरून शाल घट्ट लपेटली. चोच गळ्याशी बाहेर आली, तिच्या हनुवटीखाली.

चूल पेटत नव्हती. लाकडं भिजली होती. तेवढ्यात गाडी आली.

अमाब्लेने वेलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती म्हणाली, "गार पडलाय. मेलाय की काय कळत नाही."

तो इतक्या पटकन बोललेला तिने कधी ऐकला नव्हता. "गाडीत बसा. इंजिन गरम आहे. गरम हवा सोडतो."

ती बसली. त्याने काचा वर केल्या, हवा सोडली. दोघं शेजारी शेजारी, समोर बघत. इंजिन धडधडत होतं, मागे कॅन किणकिणत होते. काचांवर वाफ धरली आणि बाहेरचं सगळं नाहीसं झालं.

"काही हलतंय का?"

"नाही."

"माझी आजी म्हणायची, किंदे रात्री मरतो आणि सकाळी उठतो. थंडीत तसंच करतात ते. काळीज निजवून ठेवतात."

"हा उठला नाही."

"सकाळ अजून व्हायचीये."

तिने शाल आणखी घट्ट धरली. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "बायको गेली तेव्हा मी असाच बसलो होतो गाडीत. इंजिन चालू ठेवून. कुठे जायचं ते सुचत नव्हतं." तो टोपीची कड चाचपत होता. "दूध गोळा करायची वेळ झाली, मग गेलो."

"मी पडदे उसवले होते," तारहेलिया म्हणाली.

"काय?"

"काही नाही. मीही असंच काहीतरी केलं होतं."

तेवढ्यात तिला छातीशी थरथर जाणवली. आधी वाटलं इंजिनाचीच. पण ती थरथर वाढत गेली, बारीक, इतकी भरभर की मोजता येऊ नये. हनुवटीखालची चोच हलली. डाव्या बाजूला झाली, उजव्या बाजूला झाली, आणि शालीतून एक काळाभोर डोळा वर आला.

"उठला," ती कुजबुजली.

"हलू नका. त्याला काहीतरी पाजायला पाहिजे. फुलं सगळी गेली."

"घरात साखर आहे."

त्याने धावत जाऊन साखरपाणी करून आणलं, चमच्यात. पण एवढ्या चोचीला चमचा कसा पुरणार? चोचीचं टोक चमच्यापलीकडे आणि पक्षी अलीकडे. अमाब्ले चमचा पुढे नेई, चोच मागे जाई. शेवटी त्याला गाडीच्या खणातली खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आठवली. धुतली, साखरपाणी ओतलं आणि तिरकी धरली. चोच बाटलीच्या गळ्यातून सरळ आत गेली, फुलात जावी तशी. पाणी किंचित हललं. दोघं श्वास रोखून बघत होते आणि दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग शालीतून तो सुटला. गाडीच्या छताला आपटला, आरशावर आपटला. अमाब्लेने काच खाली केली आणि तो त्या फटीतून निघून गेला.

काच खाली झाली तसं बाहेरचं जग दिसलं. वळणावर मागे कितोची बस उभी होती. ड्रायव्हर भोंगा वाजवून कंटाळला होता आणि प्रवासी खिडक्यांतून माना काढून बघत होते. वाफाळलेल्या काचांची दुधाची गाडी, आतून उतरणारी तारहेलिया, झग्याचं वरचं बटण उघडं, केस विस्कटलेले. बसच्या पायरीवर लुस्मिलाची सून उभी होती.

*

लोकांना काय, काडी मिळाली की पुरे, पेटवायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या घाटात बोभाटा झाला. दूध उशिरा पोचलं म्हणून कारखान्यात अमाब्लेला कारण विचारलं. त्याने "पक्षी आजारी होता" असं सांगितलं आणि तिथले लोक पोट धरून हसले.

लुस्मिला मुद्दाम चढ चढून आली. "अगं, एवढी वर्षं थांबलीस ती थांबलीस, आणि भररस्त्यात? जरा गाडी आडोशाला तरी लावायची."

"आम्ही पक्ष्याला ऊब देत होतो."

"हो का. पक्ष्याला."

"लुस्मिला."

"मी काही म्हणत नाही. मीही तरुणपणी कोंबडीला ऊब द्यायचे."

तारहेलियाने तिला पेला दिला नाही. ती गेल्यावर आत येऊन पलंगावर बसून राहिली. चाळिशी पार केलेल्या बाईला लाज वाटायची ती आणखीनच वाटते. वर ती हसण्यावारीही नेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा ती टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "उद्यापासून इथे थांबू नका."

अमाब्लेने पेला खाली ठेवला. "बरं," म्हणाला. एवढंच. पेला धुतला आणि गेला.

तो खरंच थांबेनासा झाला. गाडी यायची, वळणावर हळू व्हायची, पण वळणावर सगळ्याच गाड्या हळू होतात. तारहेलिया त्या वेळी मान खाली घालून कणसं सोलायची. वेल छाटून घेतली होती. ती पुन्हा फुलेपर्यंत सुईवाल्यासाठी तिने खोकल्याची बाटली साखरपाणी भरून खांबाला तिरकी बांधली, लाल लोकरीचा गोंडा लावून. दोन दिवस तो नुसता लांबून बघत राहिला. मग आला. ती रोज बाटली धुवायची, भरायची. आला होता का, कुठून सुरुवात केली, हे विचारणारं कुणी नव्हतं. ताइतांना सांगावं तर ते म्हणायचे, "मला काय सांगतेस? ज्याला ऐकायचंय त्याला सांग."

ताइताच जास्त बिघडले होते. पेज बेचव, उशी टणक, ऊन चुकीच्या खिडकीतून येतंय. खेचरांची गोष्ट भिंतीला सांगून झाली, भिंतीने काही विचारलं नाही.

एका सकाळी त्यांनी तारहेलियाला खुर्ची रस्त्याच्या कडेला मांडायला लावली. "उन्हात बसायचंय." ऊन नव्हतं. पोंचो पांघरून, मांडीवर काठी घेऊन ते बसले. गाडी वळणावर हळू झाली तशी त्यांनी काठी आडवी केली.

अमाब्लेने करकचून ब्रेक दाबला. "ताइता! चाकाखाली आला असतात."

"थांबत का नाहीस?"

"तुमच्याकडे दूध नाही ना, ताइता."

"आधी कुठे होतं?"

अमाब्ले टोपीची कड फिरवू लागला. "शेजारीणबाईंनी नको म्हटलंय."

"तिने थांबू नको म्हटलं, कारण लोक विचारतात, गाय नसलेल्या घरी दुधाची गाडी कशाला. बरोबर विचारतात. मीही विचारत होतो." ताइतांनी काठीचं टोक त्याच्याकडे रोखलं. "मग गाय आण."

"गाय?"

"चार पायांची. तुला पाहून माहीत असेल."

तारहेलिया टेबलामागे उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं बोलणं, कोण मनावर घेणार.

रविवारी चर्चमधली मिसा संपल्यावर लोक रस्त्याने परतत होते, तेव्हा अमाब्ले तिपान पायी घाट चढून आला. कोरी टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात दावं, आणि दाव्याला तांबडी-पांढरी ठिपकी गाय. त्याच्यामागे निम्मं गाव काहीतरी काम असल्यासारखं चालत होतं.

"हे काय?" तारहेलिया म्हणाली.

"गाय."

"ते दिसतंय मला. कुणाची?"

"माझी होती. आता तुमची. ताइतांनी मागवली."

"मी काही मागवलं नाही," ताइता खिडकीतून ओरडले. "मी नुसतं बोललो."

"मला गाय नकोय," तारहेलिया म्हणाली. "मी कुठे ठेवू? काय घालू तिला? आणि सगळ्या गावादेखत हे असं…"

ते बोलत होते तोवर दावं सैल पडलं होतं. गाय शहाणी होती, तिने आपलं आपण पाहिलं. घराला वळसा घालून ती मागच्या कुंपणापाशी गेली. तारहेलियाला आवाज आला, ओलं काहीतरी ओरबाडल्याचा. ती पळत गेली तोवर नवी पालवी, कोवळे तणावे, पहिल्या कळ्या, सगळं गायीच्या तोंडात होतं. गाय चघळत तिच्याकडे बघत होती.

तारहेलिया तिथेच मातीत बसली आणि रडायला लागली. आईच्या दिवसांतही ती कुणादेखत रडली नव्हती. लुस्मिला पुढे झाली, मग थबकली, आणि तिनेच बाकीच्यांना हाताने मागे सारलं. "चला, चला. इथे काय तमाशा आहे? घरी चुली नाहीत का?"

अमाब्ले एकटा राहिला. त्याने टोपी काढली.

"जरा कुठे फुटायला लागलं," ती म्हणाली, "की असंच होतं. गारा तरी पडतात, नाहीतर कुणी जातं, नाहीतर गाय येते."

"मूळ शाबूत आहे," तो म्हणाला. "मी कुंपण घालतो."

"ती पुन्हा खाईल."

"मग मी पुन्हा घालीन."

तो उकिडवा बसला आणि गायीच्या तोंडातून राहिलेला एक तणावा सोडवायचा प्रयत्न करू लागला. गाय सोडेना. तो ओढतोय, गाय ओढतेय. ते बघून तारहेलियाला रडता रडता हसू फुटलं, आणि मग दोन्ही थांबेना.

*

कुंपण घालायला त्याला एक संध्याकाळ पुरली असती. त्याने महिना लावला. निलगिरीचे वासे आणले, सोलले, पुरले. ताइता खुर्चीवरून देखरेख करत. "तो खांब बघ, दारू प्यायलाय." अमाब्ले खांब काढून पुन्हा पुरायचा. गाय पलीकडे बांधलेली. तिचं नाव ठिपकीच पडलं. सकाळी तिचं दूध दारातल्या कॅनमध्ये असायचं आणि दुधाची गाडी रीतसर थांबायची. कुणाला काही बोलायला जागा उरली नव्हती.

वेल पुन्हा वर चढली. ती दोघं तणावे खांबांना बांधत होती. सुईवाला बाटलीवर बसून आभाळाकडे सुई रोखून होता.

अमाब्ले म्हणाला, "माझं घर तसं बरं आहे. दोन खोल्या, पत्रा नवा."

"मी ताइतांना सोडून कुठे येणार नाही."

"मी कुठे म्हटलं या? घर बरं आहे, विकलं जाईल, असं म्हणत होतो." त्याने गाठ सोडली आणि पुन्हा मारली. "मीच आलो तर चालेल का?"

तारहेलियाने हातातला तणावा खांबाला बांधून घेतला. मग म्हणाली, "लोक हसतील. पन्नाशी उलटलेला घरजावई."

"हसतातच आहेत, शेजारीणबाई. निदान कारण तरी खरं होऊ दे."

"शेजारीणबाई म्हणू नका मग."

लग्नाचा झगा तिने लुस्मिलाच्या यंत्रावर शिवला, आणि बाही अर्धी टाकली नाही. ताइतांना चौघांनी खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये नेलं, मिरवणुकीत संताची मूर्ती नेतात तसं. वाटेत ताइतांनी चौघांनाही शिव्या घातल्या, डाव्या बाजूच्याला जरा जास्त. भाजलेले कुय, म्हणजे घरोघर पाळतात ते गिनीपिग, बटाटे, शेंगदाण्याची आमटी, आणि तासोचा रस घागरीवर घागरी. नोर्मा ग्वायाकिलहून आली. अमाब्लेला पाहून बहिणीच्या कानात म्हणाली, "बोलतो का गं हा?" तारहेलिया म्हणाली, "लागेल तेवढं."

ताइता त्यानंतर दोन बहर होते. शेवटी शेवटी त्यांना उठवेना. अमाब्ले त्यांना उचलून न्हाऊ घाली, पाठ चोळी, नखं कापी. मुलीकडून ते करून घ्यायला त्यांना संकोच वाटायचा, याच्याकडून वाटत नसे. न्हाताना ते त्याला खेचरांच्या गोष्टी सांगत. नावं चुकायला लागली होती, या दरीतलं खेचर त्या दरीत जायचं. अमाब्ले दुरुस्त करायचा नाही. "मग ते वर आलं का?" विचारायचा.

एका दुपारी जेवायच्या आधी, सूप अळणी झालंय अशी तक्रार करून ताइता गेले. तारहेलिया मीठ आणायला आत वळली होती, तेवढ्यात. ती परत आली तेव्हा मिठाचं भांडं तिच्या हातात तसंच होतं. अमाब्लेने ते हळूच काढून घेतलं.

नऊ दिवस घर भरलेलं होतं. मोटे, म्हणजे सोललेल्या मक्याचे दाणे, शिजत होते, बायका जपमाळ ओढत होत्या, लुस्मिला चूल सांभाळत होती आणि कुणाला बातम्या देत नव्हती. नोर्मा म्हणाली, "आता तू माझ्याकडे चल. थोडे दिवस. समुद्र बघ." तारहेलिया म्हणाली, "येईन कधी. आम्ही दोघं येऊ." नोर्माने आग्रह केला नाही. आम्ही दोघं हे शब्द तिने मनात ठेवून घेतले असावेत, कारण निघताना तिने अमाब्लेला मिठी मारली आणि तो बिचारा टोपी शोधत राहिला.

दहाव्या दिवशी पाहुणे गेले. दिवस वर आला तरी तारहेलियाला उठवेना. वर्षानुवर्षं ती उजाडायच्या आत उठत आली होती. आज कुणी वाडगा पुढे करणार नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

वळणावर बस थांबल्याचा आवाज आला. प्रवासी उतरले. बाहेर टेबलापाशी अमाब्लेचा आवाज, जरा मोठा, धीर गोळा केल्यासारखा. "घ्या, तासोचा रस आहे. आजच काढलाय. मी काढलाय."

पेले भरल्याचा आवाज. 

एक बाई खाकरली. "चांगला आहे हो," ती म्हणाली. "आंबट आहे जरा."

"आंबटच असतो," अमाब्ले म्हणाला. "रानटी आहे ना."

तारहेलियाला कळलं की त्याने साखर घातलेली नाही. उठावं, असं तिच्या मनात आलं. मग ऐकलं, कुणी तरी दुसरा पेला मागत होतं, तोंड वेडंवाकडं करतच मागत असणार. तिने पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं आणि पुन्हा डोळे मिटले.